कावळ्याच्या दारात चिमणी

गेल्या पाच महिन्यांत आमच्या घरातून मेणबत्तीचं एकही थोटूक कचऱ्यात गेलेलं नाही. लग्नपत्रिका, चपलांची खोकी, वह्यांचे पुठ्ठे, जोडीदार हरवलेले पायमोजे, चिंचोके, बाटल्यांची झाकणं, सगळं माझ्या कपाटात जातं. परवा ह्यांनी कपाट उघडलं आणि खोक्यांचा डोंगर त्यांच्या अंगावर आला. "भंगाराचं दुकान काढतेस का?" मी म्हटलं, "नाही हो, दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवतेय." ते माझ्याकडे पाहतच राहिले. पाच महिन्यांपूर्वी मला कोणी असं उत्तर दिलं असतं, तर मीही तशीच पाहत राहिले असते. पण आता मला राहवत नाहीये! भाजीवालीला सांगून झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून झालं, बहिणीला फोनवर इतकं सांगितलं की तिने "कुकर लावायचाय" म्हणून फोन ठेवला. आता तुमची पाळी.

मी ३१ वर्षं सहकारी बँकेत खतावण्या जुळवल्या. लहान मुलांशी संबंध एवढाच, की काउंटरच्या पलीकडे आईचा पदर धरून उभ्या असलेल्या पोराला कधीतरी गोळी द्यायची. निवृत्त झाले आणि शेजारची मुलगी, जी इथेच अकोल्यात प्राथमिक शाळेत शिकवते, ती म्हणाली, "काकू, शनिवारी सकाळी मोकळ्या असता ना? आमच्याकडे आता आनंददायी शनिवार असतो. दप्तर नाही, काही नाही. तुम्ही नुसतं मुलांचं वाचन ऐकायला या." मला वाटलं, ऐकायचंच तर आहे. दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच शनिवारी, इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत गोष्टीचं पुस्तक घालून गेले.

फजिती! खुर्चीवर बसले, म्हटलं, "चला, एकेकाने वाचा." पहिल्या मुलीने वाचायला घेतलं, दुसरीने तिची वेणी ओढली, तिसरा पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. दहा मिनिटांत वर्गाचा आठवडी बाजार झाला. एकच मुलगा, मागच्या बाकावरचा, घडाघडा वाचत होता. 'कावळा'चं 'कावया' म्हणत होता, पण ते आमच्या वऱ्हाडात सगळेच म्हणतात. शाळेलाही इथे 'शाया'च म्हणतात. मी खूश. तेवढ्यात खिडकीतून वारा आला, पान उलटलं, आणि हा पठ्ठ्या मागच्याच पानावरचं म्हणत राहिला. डोळे नव्या पानावर, तोंड जुन्या पानावर! सगळा धडा पाठ होता, अक्षर एकही ओळखीचं नव्हतं. बँकेत बेरीज बरोबर आणि नोंदी चुकीच्या असा ताळेबंद समोर आला की पोटात गोळा यायचा, तसाच आला.

शेजारची ती मुलगी, म्हणजे मॅडम (शाळेत मीही तिला मॅडमच म्हणते), हसली आणि तिने मला एक पातळसं पुस्तक दिलं. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न'. तुम्ही वाचलं असेल, मी वयाच्या साठीत पहिल्यांदा वाचलं. हे गिजुभाई वकिली सोडून मास्तर झाले, १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, म्हणजे मिशाळ आई. पुस्तकात एक मास्तर चौथीचा वर्ग मागून घेतो, वर्षभर प्रयोग करायला. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने खिडक्या लावून शांततेचा खेळ मांडतो आणि मुलं असा काही गोंगाट करतात की बिचाऱ्याला वर्ग सोडून द्यावा लागतो! मी रात्री अंथरुणात एकटीच मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी तो काय करतो? गोष्ट सांगतो. आणि पुढे मुलांना म्हणतो, पाठ्यपुस्तकांचे पैसे माझ्याकडे द्या, आपण त्यातून वर्गासाठी गोष्टींची पुस्तकं घेऊ. मी उठून बसले. नव्वदेक वर्षांपूर्वी कोणीतरी हे लिहून ठेवलंय आणि मी इकडे ३१ वर्षं खतावण्या जुळवतेय!

मग मॅडमने मला सिल्विया ॲश्टन-वॉर्नरबद्दल सांगितलं. न्यूझीलंडची बाई, माओरी मुलांच्या शाळेत शिकवायची, १९६३ साली तिचं 'टीचर' हे पुस्तक आलं. तिची युक्ती इतकी साधी की हात चोळावेसे वाटतात. मुलाला विचारायचं, तुला आज कोणता शब्द हवा? तो सांगेल तो कार्डावर लिहून द्यायचा. कार्ड त्याचं. दुसऱ्या दिवशी ओळखलं तर राहिलं, नाही ओळखलं तर कार्ड बाद. त्या शब्दाची त्याला गरजच नव्हती म्हणायचं. तिच्या मुलांना सगळ्यात लवकर यायचे ते दोन शब्द म्हणजे भूत आणि मुका!

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मी ४० कार्डं केली. शनिवारी विचारलं, "कोणाला कोणता शब्द पाहिजे?" आधी सगळे गप्प. शब्द काय, मागायची गोष्ट आहे? मग एकीने हळूच म्हटलं, "कुल्फी." आणि धरण फुटलं! जेसीबी, मोबाईल, वावर, बंडी, भूत (ते आलंच, न्यूझीलंडहून अकोल्यापर्यंत भुताला पासपोर्ट लागत नाही), मामा, पराटी. मागच्या बाकावरचा तो मुलगा शेवटी आला. त्याच्या घरी दोन गायी आहेत. म्हणाला, "गोऱ्हा." मी मॅडमकडे पाहिलं. जोडाक्षरांतलं भलतंच अवघड, तेही ज्याला साधा 'क' ओळखता येत नाही त्याला? मॅडम म्हणाली, "द्या लिहून." दिलं. पुढच्या शनिवारी तो शाळेच्या फाटकातच उभा होता. कार्ड हातात. "गोऱ्हा," म्हणाला, आणि पाटीवर, न बघता, तो ऱ अगदी वेलबुट्टीसारखा काढून दाखवला. मी तिथेच, फाटकात, साडीचा पदर तोंडाला लावून उभी.

आणि त्या गोऱ्ह्यामुळे आम्ही 'र'च्या मागे लागलो. तुम्ही कधी नीट पाहिलंय का आपल्या 'र'कडे? मी जन्मभर वाचत आले आणि माझ्या लक्षातच नव्हतं की हा बहुरूपी आहे! सूर्यात तो 'य'च्या डोक्यावर चढून बसतो, चक्रात 'क'च्या पोटात घुसतो, राष्ट्रात पायाशी खोपटं बांधून राहतो, आणि गोऱ्ह्यात पापणीसारखा लवतो. हा पापणीवाला तर हिंदीच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. आम्ही मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याची अक्षरं अडकवली. 'सूर्य' म्हणायचं तर 'र' झालेल्या मुलीने 'य'च्या आधी बोलायचं, पण उभं राहायचं त्याच्या मागे बाकावर, त्याच्या डोक्यावरून हात काढून. पहिली वेलांटी झालेल्या मुलाची तर फारच पंचाईत. उभं राहायचं अक्षराच्या आधी, बोलायचं अक्षराच्या नंतर! तो सारखा आधीच "इ" करायचा आणि सगळा वर्ग ओरडायचा, "थांब ना बे!"

मग मॅडमने हुकमी पत्ता काढला. एका मुलाच्या खांद्यावर शाल, दुसऱ्याच्या हातात झारा. चिठ्ठ्या उचलायच्या आणि लिहिलं असेल तसं करायचं. एका चिठ्ठीवर 'आचार्यांना फुलं द्या', दुसरीवर 'आचाऱ्यांना फुलं द्या'. वरच्या रफाराऐवजी पापणी वाचली की फुलं गुरुजींच्या ऐवजी स्वयंपाक्याला! झारेवाल्याला चुकून सहा वेळा फुलं मिळाली, तो इतका फुलला की शेवटी झारा सोडेना. हसून हसून पोटं दुखली, आणि त्या दिवसापासून रफार आणि पापणी यांची गल्लत वर्गात जवळजवळ संपली. वहीत १० वेळा लिहून जे होत नाही ते एका झाऱ्याने केलं.

भेळेची गोष्ट सांगू? सांगतेच. चार गट, प्रत्येकाला भेळेची कृती लिहिलेल्या चिठ्ठ्या. तोंडी काही सांगायचं नाही, वाचायचं आणि करायचं. मुरमुरे दोन वाट्या, चिंचेचं पाणी तीन चमचे, तिखट चिमूटभर. एका गटाने 'चिमूटभर'चं 'चमचाभर' वाचलं. मला दिसत होतं. जीभ चावून गप्प बसले. त्या चौघांनी डोळ्यांतून पाणी काढत, नाक ओढत, एकमेकांना दोष देत भेळ संपवली, कारण नियम होता की आपली आपण खायची. पुढच्या खेपेला कोशिंबीर होती. त्या गटाने प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचली, अक्षराखाली बोट ठेवून, आणि एकाने तर मला विचारलं, "आजी, हे पाव लिहिलं हाये की पाच?" अहो, हेच! याच्यासाठीच तर! अक्षर चुकलं तर जीभ पोळते, हे एकदा कळलं की पोरगं अक्षराकडे कसं रोखून बघतं ते बघायला या एकदा.

सगळंच असं जमलं असं समजू नका. एका शनिवारी राजाची गोष्ट होती, म्हणून मी सोनेरी कागद नेला. सगळ्यांनी मुकुट केले. काय दिसत होती पोरं! फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, वाहवा मिळाली. रात्री रोजनिशी लिहायला बसले आणि हात थबकला. दोन तासांत वर्गात कोणी एक ओळसुद्धा वाचली नव्हती. कात्री, डिंक, टिकल्या, आरसा. गोष्ट पिशवीतच राहिली होती. जमेच्या बाजूला भलामोठा आकडा आणि खात्यावर काहीच नाही.

तेव्हापासून मी रोजनिशीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवलाय. हा खेळ खेळताना पुस्तक पुन्हा उघडावं लागतं का? लागत असेल तर खेळ वाचनाचा. नसेल तर तो हस्तकलेचा, छानच, पण त्याचा तास वेगळा. पुढच्या वेळी मुकुट तेच होते, पण मी विचारलं, "राजा गोष्टीच्या सुरुवातीला श्रीमंत होता का? शेवटी? मग मुकुटाला किती खडे लावायचे?" आणि काय धावाधाव! जो तो पुस्तकात तोंड घालून. एकीने शोधून काढलं की राजाने मधल्या पानावर अंगठी विकलीय, म्हणून तिने मुकुटाचे दोन खडे उपटून टाकले. दोन खडे! एका क्रियापदासाठी!

मला वाटायला लागलं होतं की आपण काहीतरी नवंच शोधून काढलंय. मग मॅडमने अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' दिलं आणि माझी हवा गेली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या सोबतीने काम करून आलेल्या. १९४५ मध्ये त्या आणि अनुताई बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी कामाला लागल्या, पुढे आदिवासी मुलांसाठी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. शिकवायची साधनं कसली? शिंपले, बिया, पानं, दगड, जे परिसरात मिळेल ते. म्हणजे माझं चिंचोक्यांचं आणि झाकणांचं कपाट चांगल्या जुन्या घराण्यातलं निघालं! हे मी ह्यांना त्याच रात्री वाचून दाखवलं. तेव्हापासून कपाटाबद्दल ते बोलत नाहीत.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथीही मला याच काळात कळली. ठाकर समाजातले कलावंत चित्रांचे सुटे कागद एकामागून एक दाखवत, गात, कथा सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आम्ही त्यांची पद्धत उसनी घेतली आणि आमच्या सोयीने एक भर घातली. पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला चित्र, मागच्या बाजूला त्या चित्राचा मजकूर, मुलांनीच लिहिलेला. चित्र प्रेक्षकांना दिसतं आणि दाखवणाऱ्याला मागचं वाचावंच लागतं. पुस्तक उघडावं लागण्याचा याहून सोपा मार्ग मला अजून सापडलेला नाही. जी मुलगी वर्गासमोर उभं राहायला सांगितलं की रडायची, ती पुठ्ठ्याच्या आड लपून अख्खी गोष्ट वाचून गेली. लपायला जागा मिळाली, एवढंच तिला हवं होतं.

आणि आता मेण. इतका वेळ मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

काऊ-चिऊची गोष्ट कोणाला माहीत नाही? कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, मोठा पाऊस येतो, एकाचं जातं, एकाचं राहतं, आणि पुढे ते दार ठोठावणं. मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती वाचायला होती. मॅडम म्हणाली, "खरंच तसं होतं का, बघू या ना." त्या मागच्या बाकावरच्या मुलाने घरून शेण आणलं, बादलीभर, मोठ्या रुबाबात. मेण माझ्या कपाटातलं. एका पाटावर शेणाचं घर, दुसऱ्यावर मेणाचं, दाराखिडक्यांसकट. पाऊस पाडायला तांब्या आणि चाळणी. पहिल्या तांब्यात शेणाच्या छपराला खळगे पडले, तिसऱ्यात भिंत बसली, पाचव्यात कावळा रस्त्यावर. चिमणीच्या घरावरून पाणी मोत्यासारखं घरंगळून गेलं. टाळ्या!

पण एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माया आजीचं घर सारवलेलं हाये. थे नाही वाहून जात." सगळे गप्प. मग तो शेणवाला मुलगा पहिल्यांदाच वर्गात मोठ्याने बोलला, "थे वाळलेलं रायते." आणि धावत जाऊन शाळेमागच्या घरून गोवरी मागून आणली. गोवरीवर चार तांबे पाणी ओतलं. ढिम्म! म्हणजे कावळ्याने घर बांधलं आणि वाळायच्या आत पाऊस आला? मुलांनी पुस्तकं उघडली. मी सांगितलं नव्हतं हो! स्वतःहून उघडली आणि शोधायला लागली, घर बांधल्यावर किती दिवसांनी पाऊस आला ते कुठे लिहिलंय का. लिहिलेलं नव्हतं. "मंग लेखकानं लिहाले पाहिजे होतं," एकाने निकाल दिला. सात वर्षांचा समीक्षक!

चिमणीचं घर कोणी मोडू नये म्हणून मुलांनी ते उंचावर, सायकलींच्या शेडच्या पत्र्यावर ठेवलं. शाळा सकाळची, साडेअकराला सुटली.

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन. "काकू, असाल तशा या." मी गॅस बंद केला आणि ऑटोत बसले. शेडखाली अख्खी दुसरी मान वर करून उभी. तुम्हाला अकोल्याचं ऊन माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५पर्यंत जातो आणि मार्च संपतानाच पत्र्यावर हात ठेववत नाही. "आजी, पाहा ना जी," पोरं एकदम ओरडली, "चिमणीचं घर पघळलं!" पत्र्याच्या पन्हाळीत मेणाचा एक पांढरा ओघळ, त्यात खिडकीची काडी उभी. आणि खाली, पाटावर, कावळ्याच्या पडक्या घराची राहिलेली एक भिंत, उन्हात वाळून कडक, टकटक वाजणारी.

कोणीतरी विचारलं, "मंग आता चिमणी कुठं जाईन?"

सांगते, अंगावर काटा आला. एवढी वर्षं मी ही गोष्ट ऐकली, माझ्या मुलांना सांगितली, आणि एकदाही माझ्या मनात हा प्रश्न आला नाही. पावसाळ्यातली गोष्ट ऐकून आपण सगळे झोपी गेलो. उन्हाळा कोणी पाहिलाच नाही!

त्या दिवशी कोणी मधल्या सुट्टीत बाहेर गेलं नाही. मी त्यांना एका कागदाचं पुस्तक शिकवलं. कागद घडी घालून आठ भागांत दुमडायचा, मधे एक चीर द्यायची, उलटा दुमडायचा, आणि डिंक-पिनेशिवाय पुस्तक तयार. दोन बाजूंची मुखपृष्ठं, आत सहा पानं. विषय सांगावाच लागला नाही. वर्ग इतका शांत झाला की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. गिजुभाईंच्या मास्तराला पहिल्या दिवशी हवी होती ती शांतता बहुतेक हीच. कोणी खिडक्या लावल्या नव्हत्या.

३४ पुस्तकं झाली. बहुतेकांनी सूड घेतला. चिमणी दार ठोठावते आणि कावळा तिची ती सगळी कारणं, न्हाऊमाखू, काजळ, तीट, एकेक करून तिला परत ऐकवतो. एकीच्या कावळ्याने भाडं मागितलं. एकाच्या गोष्टीत दोघांनी मिळून शेणाच्या भिंती आणि मेणाचं छप्पर केलं. त्यावर बराच वाद झाला की छप्पर पुन्हा पघळणार, आणि लेखकाने तिथल्या तिथे एक झाड काढून सावली केली.

मागच्या बाकावरचा मुलगा सगळ्यांत शेवटी उठला. सहा पानं, पानाला एक ओळ. त्याने वाचायला सुरुवात केली, बोट अक्षराखाली, हळूहळू, अडखळत, एकेक काना-मात्रा धरून. नोव्हेंबरातल्या त्या घडाघडा वाचनाच्या पाव वेगानेही नाही. खिडकीतून वारा आला, पान फडफडलं, त्याने अंगठ्याने ते दाबून धरलं. डोळे आणि तोंड एकाच पानावर होते.

त्याच्या गोष्टीत चिमणीला दार ठोठावावंच लागत नाही. कावळा आधीच उंबऱ्यावर बसलेला असतो, तिची वाट पाहत. शेवटच्या पानावर तो एवढंच म्हणतो, आणि मॅडमने त्यातलं एक अक्षरही दुरुस्त केलं नाही:

"ये वं चिमणे. शेण थंडं रायते."